गेमिंगला लिक्विड कूलरच हवा, हे खूळ कुठून आलं?

काटकोन : काल इथे एकाने नव्या मुलाला सल्ला दिला : "७८००एक्स३डी घेतोस तर ३६० चा लिक्विड लावच, आणि पेस्ट दर सहा महिन्यांनी बदल." म्हणजे एएमडीच्या या प्रोसेसरला ३६० मिमी रेडिएटरचा, द्रव फिरवणारा कूलर, आणि दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वर्षातून दोनदा नवी. वाचून राहवलं नाही. अहो, त्या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे कूलरने वाहून न्यायच्या उष्णतेचा आकडा, १२० वॅट, गेममध्ये तर त्याहून बराच कमी खातो. तरी तापतो, कारण जादा कॅशचा (आतल्या जलद मेमरीचा) थर कोअरच्या, म्हणजे काम करणाऱ्या भागांच्या, डोक्यावर बसलाय. उष्णता आधी त्यातून बाहेर यायला हवी. अडथळा चिपच्या आत आहे, रेडिएटर कितीही मोठा लावा, तो तिथेच राहणार. दोन टॉवरचा, नुसत्या पंख्यावर चालणारा एअर कूलर भरपूर झाला. उंची मात्र बघून घ्या. नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर १६५ मिमी आहे, अरुंद कॅबिनेटची बाजूची काच बंद होत नाही. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

निळा_दिवा : "एकाने" कशाला, नाव घ्या ना, मीच तो. इंटेलच्या १४९००के वाल्याने २५३ वॅट कशावर थंड करायचे? आणि पेस्टचं म्हणाल तर माझा कूलर वर्षभराने उघडला तेव्हा मधोमध तांबं उघडं पडलं होतं, सगळी पेस्ट कडेला साचलेली. डोळ्यांनी पाहिलंय.

काटकोन : १४९००के ला लिक्विड घ्या, कोण नको म्हणतंय? प्रश्न ७८००एक्स३डी चा होता.

तिरपा_पंखा : कूलरच्या खोक्यावर "२५० वॅट" छापतात त्याचं काय? ते मोजायची सगळ्यांना बांधील अशी एक पद्धतच नाही. यावर कुणी बोलत नाही!

रात्रपाळी : निळा_दिवा, तुम्ही पाहिलंत ते पंप-आउट. गरम-थंड होताना धातू हलतो, पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. घट्ट पेस्ट घ्या, नाहीतर पेस्टऐवजी पीटीएम७९५० ची पातळ चकती लावा. ते ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन बसतं. पण सहा महिन्यांनी उघडा म्हणणं घातक आहे. एएम४ या जुन्या सॉकेटवर (तिथे पिना प्रोसेसरलाच असतात) माझ्या भावाने कूलर सरळ वर ओढला, तर लॉक लावलेलं असूनही अख्खा प्रोसेसर पेस्टला चिकटून वर आला. दोन पिना आडव्या झाल्या.

निळा_दिवा : ७८००एक्स३डी एएम५ या नव्या सॉकेटवर आहे. पिना सॉकेटमध्ये, वरून चौकट दाबलेली. उपटून येणारच नाही. उगाच घाबरवू नका.

रात्रपाळी : उगाच? इथले कितीतरी जण अजून एएम४ च्या ५८००एक्स३डी वर आहेत. ते तुमचं वाचून उद्या कूलर ओढतील. आधी थोडा वेळ गेम चालवून गरम करा, मशीन बंद करा, मग डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं?

निळा_दिवा : आवाज चढवू नका. मी एएम५ वाल्याला उत्तर देत होतो.

तिरपा_पंखा : लिक्विड लावणाऱ्यांनी पंप रेडिएटरच्या वर येऊ देऊ नका. हवा पंपात जमते, मग रात्रभर गुळगुळ.

काटकोन : पंपच बंद पडला तर? एअर कूलरचा पंखा गेला तर पंखा बदलता येतो.

निळा_दिवा : बरं, सहा महिने जास्त झाले, तेवढं घ्या. तापमान पूर्वीपेक्षा चढलं की उघडायचं, असं मूळ उत्तरात बदलतो. एएम४ चंही लिहितो. कूलर मात्र मी लिक्विडच सुचवणार.

काटकोन : सुचवा. "लावच" तेवढं काढा.