आमवात केवळ थंडीचा आजार नाही

नागपूरच्या डिसेंबरातील थंडीमुळे आमवात होतो, असे काही जण म्हणतात. गारठ्यात ठणका वाढल्याचे अनेकांना जाणवते हे खरे, परंतु या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, आणि सुजून जाड झालेले ते अस्तर पुढे कूर्चा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण) व हाड पोखरू लागते. बहुधा दोन्ही हातांची बोटे व मनगटे एकाच वेळी सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासभरही टिकतो. फुप्फुसे, डोळे, रक्तवाहिन्या यांनाही हा आजार गाठू शकतो; रक्तक्षय तर बराच आढळतो. आरए फॅक्टर (आमवाताच्या निदानासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहणे मला घातक वाटते. मेथोट्रेक्झेट हे आमवातावरील औषध दिले असल्यास ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे, हे घरातील ज्येष्ठांना कृपया स्पष्ट सांगावे.