दोन अ‍ॅम्प एकत्र लावले की घूंऽऽ, आणि वर आवाजही पातळ

खालची_ई (शनिवार, रात्री १०:४०)

दुसरा अ‍ॅम्प मी घेतलेला नाही, तो माझ्याकडे राहायला आलाय. मित्र नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि "सांभाळ गं" म्हणून त्याचा गिटारचा ट्यूब (आत काचेच्या नळ्या असलेला) अ‍ॅम्प ठेवून गेला. १५ वॉट, एक १२ इंची स्पीकर. माझा स्वतःचा कॉलेजपासूनचा २० वॉटचा ट्रान्झिस्टरवाला, ८ इंची. दोघं शेजारी दिसायला लागल्यावर डोक्यात किडा वळवळणारच. म्हटलं, स्टिरिओ करूया.

गिटार सिंगल कॉइलची (तारांखालचे, आवाज पकडणारे पिकअप एकेका गुंडाळीचे). तिथून ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), मग दोन आउटपुटचं कोरस पेडल (सुराला हलता जोड देणारं). डावं आउटपुट ट्यूबला, उजवं ट्रान्झिस्टरला. खोली काळाचौकीतली, तिसरा मजला, १० बाय ११ फूट. त्यात कपाट, आईचं शिलाई मशीन आणि मी.

अडचणी दोन.

एक: अ‍ॅम्प एकेकटे देवासारखे गप्प असतात. दोन्ही केबली पेडलमध्ये गेल्या की घूंऽऽ. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढंच. खिडकीकडे तोंड करा, दाराकडे करा, फरक नाही. पहिल्या दिवशी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "पाण्याची मोटर चालू राहिली का कुणाची?"

दोन: एकेकटे छान भरीव वाजतात. दोन्ही चालू केले की जाड तारेचं पोटच काढून घेतल्यासारखं होतं. दुप्पट होईल अशी अपेक्षा नव्हती, पण निम्मं?

आमचा ड्रमर म्हणतो एका अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाडी, अर्थिंगची पिन काढून टाक, घूं जाईल, "सगळे करतात". मला ते करवत नाहीये, म्हणून इथे विचारते.

---

एकतारी_बास (शनिवार, रात्री ११:०५)

दुसरा अ‍ॅम्प मला दे, दोन्ही अडचणी सुटल्या.

बरं, मस्करी राहू दे. दोन्ही अ‍ॅम्प कुठल्या बोर्डात लावलेत? एकाच की वेगवेगळ्या?

---

खालची_ई (शनिवार, रात्री ११:१२)

वेगवेगळ्या. ट्यूबवाला टीव्हीच्या बोर्डात. दुसऱ्याची वायर तिथवर पोचत नाही, म्हणून तो एसीच्या पॉवर पॉइंटला कन्व्हर्टर प्लग लावून. एसी नाहीये, पॉइंट आहे.

---

पडद्यामागचा_काका (रविवार, सकाळी ७:३०)

पिन काढू नकोस. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

मी बावीस वर्षं नाटकांना आणि ऑर्केस्ट्रांना साउंड लावला. शिवाजी मंदिर, दामोदर, गडकरी, आणि गणपतीत मंडळांच्या लाकडी स्टेजवर, पावसात, ताडपत्रीखाली. "सगळे करतात" हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकलं. गिटारच्या तारा ब्रिजला, ब्रिज केबलच्या शिल्डला (आतल्या तारेभोवतीच्या जाळीला), शिल्ड अ‍ॅम्पच्या चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) आणि चॅसी त्या जाड पिनेला जोडलेली असते. म्हणजे तुझी बोटं थेट त्या पिनेशी बांधलेली आहेत. अ‍ॅम्पच्या आत कधी फेज चॅसीला टेकली तर पिन तो करंट जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तो करंट दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे तुझ्या पेडलमधून जाणारी पातळ शिल्ड, नाहीतर तू स्वतः. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर कार्यक्रमात असाच गेला. एका हातात गिटार होती आणि हात माइकला लागला. आणि आपल्याकडे जुलैत फरशीला पाणी सुटतं, वर आपण घरात अनवाणी.

आता घूं. तुझं निदान तूच केलं आहेस, तुला माहीत नाही इतकंच. व्हॉल्यूम शून्यावर असताना येतो म्हणजे पिकअपचा नाही. वळल्यावर बदलत नाही म्हणजेही पिकअपचा नाही, सिंगल कॉइलचा घूं दिशा बदलली की कमीजास्त होतो. एकेकटे गप्प, म्हणजे अ‍ॅम्प निरोगी. दोन केबली पेडलमध्ये भेटल्या की सुरू होतो, म्हणजे हा अर्थिंगचा फेरा. एका अ‍ॅम्पच्या चॅसीपासून शिल्डवरून पेडल, पेडलपासून दुसऱ्या शिल्डवरून दुसरी चॅसी, तिथून भिंतीतल्या अर्थ वायरीने परत पहिल्याकडे. एवढं मोठं वायरीचं रिंगण घरभर पसरलंय. आजूबाजूच्या ५० हर्ट्झच्या विजेने त्यात थोडा करंट फिरतो आणि तो शिल्डवरून जाताना आवाजात मिसळतो. एसीच्या पॉइंटची लाइन बहुतेक मीटरबोर्डापासून वेगळी आणलेली असते, त्यामुळे तुझं रिंगण आणखी मोठं.

पहिलं काम फुकटातलं. दोन्ही अ‍ॅम्प आणि पेडलचा अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डात लाव आणि तो बोर्ड एकाच पॉइंटला. तुझ्या दोन्ही अ‍ॅम्पना मिळून ६ अँपिअरचा साधा पॉइंट पुष्कळ झाला. आम्ही लाइट वेगळ्या फेजवर घ्यायचो, पण साउंडचं झाडून सगळं एका ठिकाणाहून.

मात्र बोर्ड घेण्याआधी त्याची वायर बघ. फूटपाथवरच्या कितीतरी बोर्डांना भोकं तीन आणि वायरीत तारा दोनच असतात. तिसरं भोक नुसतं शोभेला. वायरमनला बोलावून अर्थ तपासून घे. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास दिसायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट.

एवढं करून उरेल तो घूं सिग्नलच्या बाजूने तोडायचा, विजेच्या बाजूने नाही. एका अ‍ॅम्पच्या केबलमध्ये एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. दोन गुंडाळ्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. आवाज चुंबकत्वातून पलीकडे जातो, शिल्ड मात्र तिथे संपते. दोन्ही अ‍ॅम्पच्या पिना जागच्या जागी.

आवाज पातळ होतो त्याचं उत्तर चहा घेऊन देतो.

---

पडद्यामागचा_काका (रविवार, सकाळी ८:१०)

पातळ आवाज. तुझे दोन अ‍ॅम्प एकमेकांच्या उलट ढकलतायत. एकाच्या स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे. कुणाचाही दोष नाही. ट्यूबचा प्रत्येक साधा गेन स्टेज (आवाज वाढवणारी पायरी) सिग्नल उलटा करतो. एका अ‍ॅम्पमध्ये अशा पायऱ्या सम असल्या आणि दुसऱ्यात विषम, की शेवटी दोघांचे पाय उलटसुलट पडतात. खालच्या ईची (सगळ्यात जाड तारेची) कंपनं सेकंदाला ८२, हवेतली एक लाट सव्वाचार मीटरची. तुझी अख्खी खोली त्याहून लहान. त्यामुळे खालचे सूर खोलीत कुठेही उभी राहिलीस तरी एकमेकांना खातात. वरचे सूर वाचतात, म्हणून नुसता पत्रा ऐकू येतो.

तपासायला अ‍ॅम्प खांद्याला खांदा लावून ठेव, कोरस बंद, आवाज कानाला सारखे. खालची ई वाजव. मग ट्रान्झिस्टरवाल्याचा प्लग काढून, त्याच्या स्पीकरवरच्या दोन वायरी अदलाबदल करून परत वाजव. जे भरीव ते बरोबर. ट्यूबवाल्याला हात लावू नकोस. तो बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात, आणि स्पीकर न जोडता तो चालू झाला तर ट्रान्सफॉर्मर जायची भीती. शिवाय तो दुसऱ्याचा आहे.

---

लॅमिंग्टनची_फेरी (रविवार, दुपारी १:२०)

काकांच्या दोन्ही पोस्टना दंडवत. एक जोडतो. स्पीकरच्या वायरी कशाला बदलतेस? ट्रान्सफॉर्मर घालणारच आहेस ना? त्याच्या पलीकडच्या गुंडाळीच्या दोन तारा उलट जोडल्या की फेज, म्हणजे पडद्याची पुढे-मागे दिशा, उलटी झाली. मध्ये सहा पायांचा टॉगल स्विच टाक, डबल पोल डबल थ्रो म्हणून माग. दोन्ही आजारांवर एकच डबी. काही ट्यूब अ‍ॅम्पमध्ये क्लीन चॅनेल आणि ड्राइव्ह चॅनेलची फेजसुद्धा वेगळी निघते, तेव्हा स्विच पायाशी असलेला बरा.

ग्रँट रोड स्टेशनला उतर, लॅमिंग्टन रोडला ६००-६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर माग. अगदी शेंगदाण्याएवढा घेऊ नकोस, खालचे सूर कापतो. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. पेडलच्या पुढे लाव, गिटारच्या पुढे थेट नाही. पिकअपला तो ओढवत नाही, पेडलच्या आउटपुटला ओढवतो. रविवारी बाजार बंद असतो, आज धावू नकोस.

---

खालची_ई (पुढचा रविवार, संध्याकाळी ६:००)

आठवड्याचा हिशेब देते.

वायरमन आला. भिंतीतली अर्थ ठीक, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ दीड. आमचा घरचा एक्स्टेंशन बोर्ड त्याने उघडला आणि माझ्याकडे बघून हसला. दोनच तारा. हाच बोर्ड तीन वर्षं मिक्सरला वापरत होतो. त्याने तीन तारांची वायर घालून नवा करून दिला. सगळं त्यावर आणल्यावर घूं निम्म्याहून कमी झाला. रात्री पंखा बंद केला की ऐकू यायचा, इतपतच.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर लॅमिंग्टन रोड. ट्रान्सफॉर्मर, स्विच, दोन जॅक. सोल्डरिंग मला येतं, केबली मीच दुरुस्त करते. डबी म्हणून बिस्किटाचा पत्र्याचा लहान डबा घेतला, त्याला भोकं पाडली, जॅक कसले. लावलं. घूं जसाच्या तसा!! एक मिलिमीटरही हलला नाही. दोन रात्री मी तो ट्रान्सफॉर्मर बदलून परत आणायचा विचार करत होते. गुरुवारी दात घासताना डोक्यात उजेड पडला: दोन्ही जॅक धातूचे, डबा पत्र्याचा. ट्रान्सफॉर्मरने जी शिल्ड तोडली, ती मी डब्यातून परत जोडून दिली होती. वर नटसुद्धा छान घट्ट आवळले होते.

शुक्रवारी प्लास्टिकचा जॅक आणला आणि एका बाजूला बसवला. शांत. इतकं शांत की ट्यूब अ‍ॅम्पची नेहमीची बारीक सळसळ पहिल्यांदा ऐकू आली.

मग स्विच. खाली: पत्रा. वर: खोलीतल्या कपाटाचं दार थरथरलं. मी सहा-सात वेळा उगाच वर-खाली केलं.

पण आता नवीन तक्रार. अ‍ॅम्प दोन भिंतींना ठेवले, कोरस चालू केला, मध्ये बसले की स्वर्ग. पलंगावर टेकले की सगळा आवाज जवळच्या अ‍ॅम्पमधून, दुसरा जणू बंदच. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर स्टिरिओ कुठल्या कुठे, नुसतंच गढूळ.

---

एकतारी_बास (रविवार, संध्याकाळी ६:२५)

बिस्किटाचा डबा 😂 ठेव तो, फोटो टाक.

पलंगाचं कारण कानात आहे. आपल्या उकाड्यात आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३५ सेंटीमीटर जातो. एका अ‍ॅम्पच्या दुसऱ्यापेक्षा मीटरभर जवळ असलीस की तो ३ मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान आधी आलेल्याचीच दिशा धरतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ मध्ये हेच मोजलं. उशिरा आलेला आवाज तीसेक मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो थोडा मोठा असला तरी वेगळा ऐकू येत नाही, पहिल्यातच विरघळतो. १० बाय ११च्या खोलीत स्टिरिओची खुर्ची एकच, आणि ती तुझी.

मोबाइलचं तेच, फक्त त्याला तुझ्यासारखी डोक्याच्या दोन बाजूंची गंमत नाही. कोरसमध्ये एका बाजूला सरळ सूर आणि दुसऱ्या बाजूला किंचित चढउतार होणारा सूर असेल, तर मिसळण हवेत व्हायला हवी. १९७५च्या रोलंड जेसी-१२० मध्ये हेच केलंय: ६० वॉटचे दोन अ‍ॅम्प, १२ इंची दोन स्पीकर, एकात सरळ आवाज, दुसऱ्यात हलता. पण तिथे दोन्ही स्पीकर एकाच पेटीत, जवळजवळ. तूही अ‍ॅम्प लांब ढकलू नकोस. दोन-तीन फूट अंतर, दोन्ही स्टुलावर, तोंडं तुझ्या कानाकडे. कोपऱ्यातून बाहेर काढ, कोपरा खालचे सूर फुगवतो.

मी तर तुझ्या जागी कोरसचा स्टिरिओ सोडूनच देईन. ट्यूब १२ इंचीवर सरळ आवाज, काहीही न घालता. ट्रान्झिस्टर ८ इंचीवर फक्त डिले (आवाज उशिराने परत देणारं पेडल), मिक्स पूर्ण उघडा, म्हणजे त्यातून नुसते पडसाद. पलंगावर बसलीस तरी मुख्य आवाज जागचा हलत नाही, आणि मोबाइललाही पचतो. छोट्या खोलीत आणि बारक्या स्टेजवर मला हेच पटतं. लोकांना डावं-उजवं ऐकू यायला त्यांनी मध्ये बसायला लागतं, आणि आमच्या कार्यक्रमात मध्ये कायम वडापावचा स्टॉल असतो.

---

पडद्यामागचा_काका (रविवार, रात्री ८:५०)

डब्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. १९९४ मध्ये मी हीच चूक शोभिवंत अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत केली होती, आणि त्या पेटीवर स्वतःचं नावही कोरून घेतलं होतं.

पत्रा टाकू नकोस, तो बाहेरचा खरखराट अडवतो. फक्त डबा पेडलच्या बाजूच्या शिल्डला जोडलेला राहू दे, प्लास्टिकचा जॅक अ‍ॅम्पच्या बाजूला.

---

खालची_ई (सोमवार, रात्री ९:३५)

प्लास्टिकचा अ‍ॅम्पच्या बाजूलाच आहे, नशिबाने.

डिलेवालं करून पाहिलं. डिले उजव्या केबलमध्ये, डबीच्या आधी, एकच पडसाद, ३५० मिलिसेकंद. पलंगावरून, दारातून, स्वयंपाकघरातून, सगळीकडून चालतं. कोरस मध्यभागी बसायच्या वेळेसाठी ठेवलाय. दहाच्या आत बंद करते, खालच्या मजल्यावर परीक्षा आहे.

ड्रमरला डबी दाखवली. त्याला आता त्याच्या कीबोर्डसाठी एक करून हवी आहे. म्हटलं, आधी तुझ्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर दाखव.