स्टोइक विचारानं मन शांत होतं, की माणूस नुसता गप्प बसतो?

उद्यमबागचा भट्टीवाला
सध्या स्टोइक लोकांचं, म्हणजे जुन्या ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या तत्त्ववेत्त्यांचं, थोडंफार वाचायलोय. एपिक्टेटस मूळचा गुलाम, पायानं अधू. त्याच्या शिकवणीची छोटी पुस्तिका एरियन नावाच्या शिष्यानं लिहून ठेवली, तिची सुरुवातच अशी आहे: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपलं मत, आपली इच्छा, आपली नावड हातात. शरीर, मालमत्ता, लोकांतलं नाव, पद हातात नाही.

मला याचा उपयोग कुठं झाला ते सांगतो. भट्टी भरलेली, धातूचा रस तयार, आणि लाईट गेली की मी पोरांवर खेकसायचो. लाईट काय पोरांनी घालवलेली नसते. आता सकाळी शर्ट घालतानाच मनाशी म्हणतो, आज लाईट जाणार, एक पोरगं दांडी मारणार, पुण्याचं गिऱ्हाईक माल परत पाठवणार. सेनेका नावाच्या रोमन स्टोइकाचं सांगणं हेच, वाईटाची कल्पना आधीच करून ठेवा. गंमत म्हणजे त्यामुळं भट्टीच्या कॉइलला थंड ठेवायला पाणी देणारा डिझेल पंप चालू होतोय का, हेसुद्धा मी रोज बघायला लागलो. लाईटीबरोबर पाणीही थांबलं तर कॉइल जळते, मग बसा बोंबलत.

आपण बेळगावची माणसं टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं तरी चिडतो. हे शिकायला पाहिजे, असं माझं मत.

चिक्कोडीचा ऊसवाला
भट्टी तुमची, पंप तुमचा, म्हणून जमतंय. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा आणि दूधगंगा चढल्या, उभा ऊस पाण्याखाली गेला. तवा चिडलो न्हाई. मोटर वर काढली, जनावरं हलवली, संपलं. पण कारखान्याला ऊस घालून महिनोन्‌महिने बिल येत न्हाई, ते बी 'हातात नाही' ह्याच खात्यात घालायचं व्हय? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात हाय की, 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. हे व्याज मी सोडून दिलं की माझं मन शांत, आणि त्यांचं त्याहून शांत.

वाचनालयात पडीक
ऊसवाले, स्टोइकांना उगाच बदनाम करताय. ही मंडळी गप्प बसणारी नव्हती. रोमचा पुढारी धाकटा केटो सत्ता बळकावणाऱ्या सीझरशी शेवटपर्यंत भिडला. हेल्विडियस प्रिस्कस हा रोमचाच, वेस्पासियन बादशहाला तोंडावर विरोध करत राहिला, आधी हद्दपार झाला, मग मारला गेला. मार्कस ऑरेलियस हा स्टोइक बादशहा 161 ते 180 रोमच्या गादीवर होता, त्यातली कितीतरी वर्षं साथ आणि डॅन्यूबकाठच्या लढाया यांत गेली. 'हातात नाही' म्हणून तो तंबूत झोपून राहिला नाही. विवेक, धैर्य, संयम, न्याय हे त्यांचे चार सद्गुण. रील्सवाल्यांनी त्यातला संयम तेवढा उचलला आणि जिममधल्या फोटोखाली चिकटवला.

वडगावची
न्यायाचं ठीक आहे सर, पण शांत राहायचा उपदेश कुणाच्या वाट्याला येतो ते बघा. मागाच्या मालकाला कुणी सांगत नाही की राग आवरणं तुझ्या हातात आहे. मजुरी कापली की कांड्या भरणाऱ्या बाईला सांगतात. घरात सुनेला सांगतात. तुमचा सेनेका नीरो बादशहाचा शिक्षक, गडगंज श्रीमंत, आणि लिहिणार साधेपणावर.

एपिक्टेटस म्हणतो, लेकराचा मुका घेताना मनाशी म्हणा की हे मरणारं आहे, म्हणजे ते गेल्यावर तुम्ही खचणार नाही. माझं लेकरू तापानं फणफणलं होतं त्या रात्री मी हे वाचलं. मोबाईल पालथा घातला आणि कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. मला ती भीती हवी होती. भीती होती म्हणून उजाडायच्या आत दवाखाना गाठला.

वाचनालयात पडीक
त्या काळात लहान मुलं जाणं घरोघरचं होतं हो. मार्कसचीच कितीतरी मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

वडगावची
तेच म्हणते मी. इलाज नव्हता तेव्हाची ती युक्ती. आता इलाज आहे.

हरिपाठवाला
'ठेविले अनंते तैसेचि राहावे' यात सगळं आलं. त्यासाठी ग्रीसला कशाला जायचं?

चिक्कोडीचा ऊसवाला
त्याच तुकोबांनी नाठाळाच्या माथी काठी हाणायला बी सांगितलंय, माऊली. तेवढं सोयीनं इसरू नका.

निपाणीकर
सीमाभागात हा विषय काढलाय तर पुरतंच बोलू. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्हाला म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं, तेव्हा आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल माझ्या हातात नाही, हे कुठल्या रोमन माणसानं सांगायला नको. माझा भाऊ प्रत्येक फलकावरून पेटतो, बीपीची गोळी चालू झाली. मी त्यातून बाहेर आलो तर लोक म्हणतात, हा थंड पडला.

थंड पडलेला माणूस अर्ज लिहीत नाही. उतारा कानडीत येतो, मला वाचता येत नाही, मी मराठीत अर्ज देतो. खिडकीतला कारकून म्हणतो, 'कन्नडदाग बरीरी', कानडीत लिहा. मी घटनेचं कलम 350 सांगतो, राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे म्हणून. घेतला तर घेतला, नाहीतर रजिस्टर टपालानं पाठवतो. घोषणा देऊन आल्यावर भावाला जेवण जात नाही. मला जातं.

काळ्या दिनाचा कार्यकर्ता
निपाणीकर, 1966 मध्ये सेनापती बापट उपोषणाला बसले, तेव्हा कुठं सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. तुम्हाला आज जेवण जातंय, पण त्यासाठी कुणीतरी उपाशी बसलं होतं.

निपाणीकर
आणि 1967 ला त्याच आयोगानं बेळगाव आपल्याला दिलं नाही.

काळ्या दिनाचा कार्यकर्ता
म्हणून बसायचंच नव्हतं काय?

उद्यमबागचा भट्टीवाला
बसायला पाहिजेच होतं. उपोषणाला बसणं ही हातातलीच गोष्ट की वो! सिसेरो नावाच्या रोमन लेखकानं स्टोइकांची बाजू केटोच्या तोंडून मांडलीय, त्यात तिरंदाजाचा दाखला आहे. नेम नीट धरायचा, त्यात कसूर करायची नाही, बाण लागणं न लागणं पुढचं. बापट बसले तो नेम. अहवाल काय येणार ते त्यांच्याकडं नव्हतं. ऊसवाल्यांचं व्याजही तसंच: मागणं त्यांच्याकडं, मिळणं नाही. न मागता शांत झालेल्या माणसाला एपिक्टेटसनं वर्गाबाहेर काढलं असतं, असं मला वाटतं.

वडगावच्या ताईंचं मात्र अवघड आहे. भीती म्हणजे चुकीची समजूत, असं स्टोइक मानतात. तापलेल्या पोराशेजारी बसलेल्या आईला ते ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

वडगावची
रेटू पण नका.

चिक्कोडीचा ऊसवाला
निपाणीकर, व्याजाचा अर्ज मराठीत चालंल काय? आणि द्यायचा कुणाला?

निपाणीकर
डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं दे. ऊस कुठल्या तारखेला घातला, 14 दिवस कधी भरले, सगळं तारखेनिशी लिही. काट्याच्या पावत्यांची झेरॉक्स जोड. दोन प्रती कर आणि एकीवर पोच म्हणून शिक्का घे.

चिक्कोडीचा ऊसवाला
शिक्का द्यायला खळखळ करत्यात वो.

निपाणीकर
मग रजिस्टर कर. आणि काट्याच्या मूळ पावत्या कुणाच्या हातात देऊ नकोस.