शोलाकिळी: कोटागिरीची आणि कोडाईकॅनॉलची एकच का?

पानगळ: मेमध्ये निलगिरीतल्या कोटागिरीत दोन आणि कोडाईकॅनॉलला दोन दिवस मुक्काम आहे. दोन्हीकडे शोलाकिळी (दक्षिणेतल्या डोंगररानातला छोटा निळसर पक्षी) आहे म्हणतात, पण पुस्तकांत नावं वेगवेगळी. पक्षी एकच का? इंडियन ब्लू रॉबिनशी घोळ होतो का? कॉल (तिचा रेकॉर्ड केलेला आवाज) वाजवला तर बाहेर येते का?

रानओढा: एकच नाही. मध्ये सह्याद्रीतली पालघाट खिंड आहे. खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे कोटागिरीत, निलगिरी शोलाकिळी: पाठ आणि छाती राखी-निळी, पोट मधोमध पांढरं, कुशी तांबूस. कोडाईला ‘पांढऱ्या पोटाची शोलाकिळी’ ही दुसरी: कुशीत तांबूस अजिबात नाही, भुवई जास्त उठून दिसते. खिंड सखल, उष्ण आणि सुमारे ३० किलोमीटर रुंद. उंचावरचं ओलं शोलारान (डोंगरघळींतलं सदाहरित जंगल) न सोडणारा पक्षी ती ओलांडणार कसा? जुन्या पुस्तकांत दोन्ही कधी शॉर्टविंग, कधी ब्लू रॉबिन म्हणून आहेत. या दोघींसाठी शोलिकोला हा स्वतंत्र वंश (genus) २०१७ साली मांडला गेला.

ओलीमाती: ब्लू रॉबिनची काळजी नको, मेपर्यंत तो हिमालयात परतलेला असतो. हिवाळ्यात गेलात तर गळा पाहा: नराचा गळ्यापासूनच नारिंगी असतो, शोलाकिळीचा निळा. कोडाईच्या उतारावर खरा घोळ पांढऱ्या पोटाच्या ब्लू फ्लायकॅचरशी होतो, आपल्या आंबोलीत दिसतो तोच. तो फांदीवर ताठ बसून किडे टिपतो. शोलाकिळी लांब पायांवर जमिनीलगत टुणटुणत कुजका पाला धुंडाळते.

रानओढा: कॉल वाजवू नका, कृपया. मे हा ऐन विणीचा काळ. घरटं खोडाच्या ढोलीत नाहीतर दरडीच्या खोबणीत, अंडी बहुधा दोन. कॉल ऐकून नर चारा आणायचं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो.

त्यापेक्षा उजाडायच्या अर्धा तास आधी, पायवाट ओढा ओलांडते तिथे ८-१० मीटर मागे, खाली बसून राहा. हालचाल नको. ऊन वर आलं की ती झुडपात शिरते, मग थेट संध्याकाळी.

पानगळ: एवढ्या अंधारात फोटो?

ओलीमाती: फ्लॅश नको. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर १/१२५, आयएसओ ६४०० पर्यंत, मोनोपॉड. ती दोन उड्या मारून क्षणभर थबकते, तेव्हाच दाबा. चालतीचा फोटो हललेलाच येतो. परतल्यावर थंड कॅमेरा थेट उबदार खोलीत काढलात तर पाहा, काचेवर बाष्प धरतं की नाही ते; बॅग बंद ठेवूनच कॅमेरा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वळवाचा पाऊस झाला असेल तर जळवांचे मोजे घाला. आणि शोलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी लागते का ते तिथेच विचारून घ्या.