वाहन चालवण्याच्या परवान्याचे ऑनलाइन नूतनीकरण: ग्रामीण विदर्भाची सोय की नवी अडवणूक?

वर्धाकाठ (धागाकर्ता):
चाचणीची गरज नसेल तर आधार पडताळणी करून परिवहन कार्यालयात न जाताच परवान्याचे नूतनीकरण करता येते, ही सोय 2021 पासून आहे. माझे मत असे की आपल्या भागात या सोयीने दलाल हटला नाही, त्याने केवळ जागा बदलली. पूर्वी तो कार्यालयाच्या फाटकाबाहेर बसायचा, आता तालुक्याच्या गावी संगणक मांडून बसतो. नूतनीकरणाचे शुल्क 200 रुपये आणि कार्डाचे 200 रुपये असताना, ज्याला परवान्याच्या सरकारी ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज भरता येत नाही तो शेतकरी सांगतील तेवढे पैसे देतो आणि पावतीही मागत नाही. त्याहून मोठी अडचण ओटीपीची आहे. आधारला जोडलेला क्रमांक रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला असतो किंवा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये असतो. मग आधी आधार केंद्राची रांग, त्यानंतर परवान्याचे काम. म्हणून परिवहन कार्यालयाच्या तालुका शिबिरात कागदी अर्जही स्वीकारले जावेत, असे मला वाटते.

मेळघाटकर:
भाऊ, आपण वर्धा नदीच्या काठावरून बोलत आहात, जिथून जिल्ह्याचे ठिकाण फार लांब नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून अधिक. एका सहीसाठी एवढा प्रवास करायचा म्हणजे एसटीचे भाडे गेले, दिवसाची मजुरी बुडाली आणि साहेब दौऱ्यावर असतील तर मुक्कामही पडला. त्या हिशेबात सेवा केंद्रवाल्याने दोन पैसे जास्त घेतले तरी मी ते आनंदाने देईन. दरपत्रक लावायला त्याला भाग पाडा, त्यासाठी सोयच नाकारू नका.

पांढरं सोनं:
दोघेही पैशांवर आणि अंतरावर भांडत आहात. मला काळजी डोळ्यांची आहे. परवान्याच्या आरोग्यविषयक नमुन्यात स्पष्ट विचारलेले असते की पंचवीस मीटरवरून, दिवसाच्या चांगल्या उजेडात, मोटारीची नंबरपाटी वाचता येते काय, आणि रातांधळेपणा आहे काय. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 1-अ, द्यावे लागते. माणूस समोर न बसवता हे प्रमाणपत्र मिळत असेल, आणि ते कुठे कसे मिळते हे आपण सगळेच जाणतो, तर त्याला तपासणी म्हणता येणार नाही. कापूस भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी असते, तेव्हा मोतीबिंदू झालेल्या दुचाकीस्वाराला ती दिसणार कशी?

मेळघाटकर:
मुद्दा रास्त आहे, पण त्याचा दोष ऑनलाइन पद्धतीवर ढकलू नये. समक्ष जायचो तेव्हा खिडकीतला कारकून आपले डोळे तपासत होता काय? तो फोटो जुळवायचा आणि पुढच्याला हाक मारायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक दिवशी नेत्रतपासणी करून तिथूनच प्रमाणपत्र मिळाले, तर हा धंदा आपोआप मोडेल.

वर्धाकाठ (धागाकर्ता):
आरोग्य केंद्राची सूचना मला मान्य आहे. कागदी अर्जाची मागणी मात्र मी सोडत नाही. मुदत उलटल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असे, ती 2019 च्या दुरुस्तीने गेली, आणि मुदत संपून वर्ष लोटले की वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. वैध परवान्याविना सापडल्यास दंड 5,000 रुपये. पेरणी, फवारणी आणि वेचणीच्या धबडग्यात तारीख निघून जाते, आणि ज्याचा ओटीपीच येत नाही त्याचे वर्ष तर तिथेच सरते. तिशीच्या आत परवाना काढलेल्यांना पूर्वी वीस वर्षांची मुदत मिळत असे. त्या जुन्या परवान्यांची मुदत आता भराभर संपत आहे, हे विसरू नये.

पांढरं सोनं:
परंतु कायद्याने मुदतीपूर्वीही एक वर्ष अर्ज करता येतो, हे गावात किती जणांना ठाऊक आहे? ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढी एक ओळ लिहिली तरी आपल्या अर्ध्या तक्रारी मिटतील. कागदी अर्जाची गरज उरते ती ज्यांचा आधार क्रमांक अडला आहे त्यांनाच, आणि तेवढ्यांसाठी शिबिरात एक खिडकी ठेवायला माझी हरकत नाही.

मेळघाटकर:
खिडकी ठेवा, पण शिबिराची तारीख आठ दिवस आधी कळू द्या आणि ते आठवडी बाजाराच्या दिवशीच भरवा. आमच्याकडे माणूस तालुक्याला येतो तो त्याच दिवशी.