मदत हवी आहे : शेळ्यांच्या जंतांवर पळसपापडी कशी द्यावी?

पावसाळ्यापासून आमच्या 14 शेळ्यांना जंतांनी बेजार केलंय. पापण्या आतून पांढऱ्याफटक, दोघींच्या जबड्याखाली सूज. डॉक्टरांनी रक्त पिणारा हिमोंकस जंत सांगितला. अल्बेंडाझोल हे जंतनाशक दोनदा पाजलं, गुण नाही. दुसरं औषध त्यांच्याकडून सुरू करतोच आहोत, पण वारंवार तेच औषध दिलं की जंत त्याला दाद देत नाहीत, ही धास्ती आहे.

आजी पळसपापडी (पळसाच्या बिया) आणि वावडिंग द्यायची. जंतांवर चालणारे घटक म्हणून पळसाच्या बियांत पॅलासोनिन, वावडिंगात एम्बेलिन असतं, एवढं वाचलंय. पण चूर्ण द्यावं की काढा? हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे औषध वनस्पतीतून शोधताना चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना उकळल्याने वनस्पतीचा गुण जातो असं दिसलं होतं. इथेही तसंच होतं का? वजनानुसार मात्रा किती? तीन शेळ्या गाभण आहेत, त्यांना चालेल का? लेंडी तपासून फरक पाहिलेल्या कुणी कृपया सांगा.