लक्ष्मणझुला पुन्हा चालायला खुला करावा का?

चट्टी:
हृषीकेशचा लक्ष्मणझुला धोकादायक ठरवून बंद करण्याचा निर्णय जुलै २०१९मध्ये झाला. शेजारी बजरंग सेतूचं काम निघालं आणि जुन्या पुलाचं काय करायचं यावर दोन तट पडले. माझं मत स्पष्ट आहे. रोजची वर्दळ नव्या पुलावरून जाऊ दे, पण जुना झुला नीट दुरुस्त करून ठरावीक संख्येने, पायी आणि एकेरी खुला करावा.

हा नुसता फोटोचा पूल नाही. मोटाररस्ता होण्याआधी बदरी-केदारचे यात्रेकरू इथे गंगा ओलांडून डाव्या तीराला लागत आणि गरुडचट्टी, फूलचट्टी करत वर निघत. आधी इथे तागाच्या दोरांचा पूल होता. काली कमलीवाले बाबा स्वामी विशुद्धानंदांच्या सांगण्यावरून कलकत्त्याच्या रायबहादूर सूरजमल झुनझुनवालांनी १८८९ साली लोखंडी दोरांचा २८४ फुटी पूल बांधून दिला. तो ऑक्टोबर १९२४च्या महापुरात गेला. आत्ताचा ४५० फुटी पूल १९२७ ते १९२९मध्ये बांधून ११ एप्रिल १९३०ला खुला झाला. पुलाजवळच्या पाटीवर हे कोरलेलं आहे, आणि ओलांडायला कर घेतला जाणार नाही हेही. यात्रेकरूंनी चालावं म्हणूनच दिलेली ही वास्तू आहे. तिच्यावर चालायला बंदी म्हणजे देवळाला कायमचं कुलूप.

लोहकाम:
भावना समजते, पण “ठरावीक संख्या” हा उपाय वाटतो तितका पक्का नाही. हिशेब करून बघा. ४५० फूट म्हणजे १३७ मीटर, रुंदी ६ फूट म्हणजे साधारण १.८ मीटर. एकूण २४७ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ४ माणसं, माणशी ७० किलो धरली तर ६९ टन. केबलचा झोल (मधोमध ती किती खाली लोंबते ते) लांबीच्या दहाव्या भागाइतका धरला, तर एवढ्या वजनाने केबलमध्ये आडवी ओढ येते ८६ टनांची आणि टॉवरच्या माथ्यापाशी ताण होतो ९३ टन. म्हणजे माणसांच्या वजनापेक्षा केबलवरचा ताण जास्त! हा ताण दोन्ही बाजूंच्या केबल मिळून आहे, आणि पुलाच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण याखेरीज.

माणसं कमी सोडली की हा आकडा उतरतो, पुलाचं स्वतःचं वजन उतरत नाही. ते रात्रंदिवस लटकलेलंच असतं. आणि केबल कुजते ती न दिसणाऱ्या जागी: टॉवरच्या माथ्यावर जिथे ती वळते तिथे, जमिनीतल्या नांगराच्या (केबलचं टोक धरून ठेवणाऱ्या बांधकामाच्या) खड्ड्यात जिथे माती-पाचोळा ओल धरून ठेवतो तिथे, आणि हँगरच्या (केबलवरून पूल तोलणाऱ्या उभ्या सळीच्या) खालच्या टोकाला जिथे पाणी ओघळून साचतं. बाहेरच्या तारांवर रंग चकचकीत असतो, आतल्या तारा लाल भुगा झालेल्या असतात.

चट्टी:
मग केबल बदला. ते करता येतं. टॉवरवर नवी केबल जुनीला समांतर ओढायची, मग मधल्या हँगरपासून सुरुवात करून दोन्हीकडे सारखे सरकत एकेक हँगर नव्या केबलवर घ्यायचा. एकाच बाजूने गेलात तर टॉवर ओढला जातो, एवढं सांभाळलं की झालं.

लोहकाम:
टॉवर सरळ आणि पाया पक्का असेल तर. इथे टॉवरच झुकल्याचं तेव्हा सांगितलं गेलं होतं. केबल नवी, हँगर नवे, डेक (चालायचा तक्ता) नवा आणि पायाही नवा केला, तर १९३०चं त्यात उरलं काय?

नदीकाठ:
मला भीती लोखंडापेक्षा फाटकाची वाटते. मोरबीचा मच्छू नदीवरचा झुलता पूल दुरुस्तीनंतर उघडला आणि काही दिवसांतच, ३० ऑक्टोबर २०२२ला, तुटला. १३५ माणसं गेली. तपासात एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या आढळल्या. केबल जुनीच ठेवून डेक मात्र बदलला होता, आणि गर्दीवर लगाम नव्हता. आपल्याकडे १५ जून २०२५ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जण दगावले. तो झुलता नव्हता, पण दोष तोच: गर्दी मोजून अडवणारं कुणी नव्हतं.

हृषीकेशला हे आणखी अवघड. कावडयात्रेत (श्रावणात गंगाजल घेऊन शंकराला जाणाऱ्यांच्या यात्रेत) नीलकंठ महादेवाच्या देवळाला जाणारी गर्दी याच पट्ट्यातून गंगा ओलांडते. मराठी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: तिकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आपल्या पंचांगात आषाढ वद्य चालू असतो आणि तिकडे कावडिये निघालेले असतात. श्रावणाला अवकाश आहे असं समजून आरक्षण करणारे नेमके त्या गर्दीत सापडतात.

चट्टी:
मोरबीत चाचणी न करता उघडला, हाच तर मुद्दा. वाळूच्या गोण्या किंवा पाण्याच्या टाक्या ठेवून टप्प्याटप्प्याने भार वाढवायचा, दर टप्प्याला डेक किती खाली गेला ते मोजायचं. भार उतरवल्यावर डेक मूळ पातळीला परत आला नाही तर पूल उघडायचाच नाही. हे झालं, दोन्ही टोकांना मोजणारी फाटकं बसली, तरी विरोध का?

लोहकाम:
चाचणी उभ्या भाराची झाली, आडव्या डोलण्याचं काय? लंडनचा मिलेनियम पूल जून २०००मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. मजबूत होता, कोराही होता. पण पूल जरा डोलला की माणसं नकळत पाय फाकून त्याच तालात चालतात, मग तो जास्त डोलतो. डॅम्पर (डोलणं शोषून घेणारी साधनं) बसवून २००२मध्ये पुन्हा उघडला. लक्ष्मणझुल्याची लांबी रुंदीच्या ७५ पट आहे, म्हणजे आडवा तो फारच सडपातळ. त्यात मधोमध सगळे एकाच कठड्याला फोटोसाठी टेकणार, म्हणजे पिळाही आलाच.

पायवाट:
तोवर जाणाऱ्यांसाठी सांगतो. गंगा ओलांडायला दोनेक किलोमीटर खाली रामझुला आहे (१९८६, ७५० फूट), आणि जानकी सेतू (२०२०). लक्ष्मणझुला तपोवनच्या काठावरून बघावा. कुठल्याही झुलत्या पुलावर पाय ठेवण्याआधी बाजूने नजर टाका: मधला हँगर उभा सरळ हवा, डेकची रेघ दोन्ही टोकांकडे सारखी वळलेली हवी. एखादा हँगर शेजाऱ्यांपेक्षा सैल दिसला, बोटाने सहज हलला, तर त्याचा भार शेजारचे दोघे वाहत आहेत असं समजा आणि मागे फिरा. पूल डोलायला लागला तर धावू नका, कठडा धरून थांबा. चाल थांबली की डोलणं आपसूक विरतं. आणि खाण्याची पिशवी हातात लोंबती नको, माकडं सरळ हिसकतात.

लोहकाम:
माझी सूचना: डेक उतरवा, टॉवर आणि केबल ठेवा. वजन गेलं, धोका गेला, रूप राहिलं.

चट्टी:
डेक उतरवलात तर केबलचा ताण जाईल. वजनानेच ती कमानीत ताठ राहते. रिकामी केबल वाऱ्यात फडफडेल आणि टॉवरच्या माथ्यावर घासून आणखी झिजेल. ठेवायचा तर डेकसकट ठेवा, आणि दर पावसाळ्याआधी नांगराचे खड्डे उपसून कोरडे करा. चालू द्यायचं की नाही, हे त्यानंतर भांडू.